वॉल्टर टलला आता पदक देऊ नका

वॉल्टर टल हे नाव आपल्याकडे फुटबॉल बघणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसतं. इंग्लंडात मात्र दर नोव्हेंबरात, लोकांच्या कोटांवर युद्धात मेलेल्यांच्या आठवणीची खसखशीची लाल फुलं दिसू लागली की हे नाव निघतं आणि त्याच्यामागून एक भांडणही. टल हा टॉटनहॅम हॉटस्पर आणि नॉर्दॅम्प्टन टाउन या क्लबांकडून खेळलेला व्यावसायिक फुटबॉलपटू. वडील बार्बाडोसचे सुतार, आई केंट परगण्यातली गोरी. पहिल्या महायुद्धात तो शिपाई म्हणून भरती झाला, पुढे सेकंड लेफ्टनंट झाला आणि २५ मार्च १९१८ रोजी, तिशी पुरी व्हायला महिना उरलेला असताना, उत्तर फ्रान्समध्ये बापोमजवळ मारला गेला. भांडण आहे ते 'मिलिटरी क्रॉस' या शौर्यपदकाचं. एक पक्ष म्हणतो, पदकासाठी त्याची शिफारस झाली होती, ती रंगामुळे दाबली गेली, निदान आता तरी द्या. २०१८ साली, त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा, शंभराहून अधिक खासदारांनी पंतप्रधानांकडे तशी मागणी केली. दुसरा पक्ष म्हणतो, शिफारशीचा कागद दाखवा. शिवाय शंभर वर्षांपूर्वीचे निर्णय आज फिरवायचे नसतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पदक देऊ नये. पण न देणारे जी कारणं पुढे करतात ती लंगडी आहेत, आणि मागणाऱ्यांची मागणी टलच्या आयुष्यातला खरा प्रश्न गिळून टाकते. तो प्रश्न पदकाचा नाहीच. ज्या संस्थांनी आपली दारं नियम करून बंद ठेवली होती त्यांनी या एका माणसाला आत का घेतलं, कधी घेतलं आणि त्याच्यामागून किती जणांना येऊ दिलं, हा तो प्रश्न आहे. एका धातूच्या तुकड्यावर वाद घालणं त्यापेक्षा सोपं, म्हणून तो वाद चाललेला असतो.

आधी माणूस तर पाहू. जन्म १८८८, समुद्रकाठच्या फोकस्टन गावी. आजोबा बार्बाडोसच्या मळ्यांवर गुलाम होते. वॉल्टर सात वर्षांचा असताना आई गेली, दोन वर्षांत वडीलही गेले. सावत्र आईला इतक्या पोरांचं पोट भरणं झेपेना, म्हणून वॉल्टर आणि थोरला भाऊ एडवर्ड लंडनच्या बेथनल ग्रीनमधल्या मेथडिस्ट अनाथाश्रमात दाखल झाले. एडवर्डला ग्लासगोच्या एका कुटुंबाने दत्तक घेतलं. तो शिकून दातांचा डॉक्टर झाला. वॉल्टर आश्रमातच राहिला, छापखान्याचं काम शिकला आणि फुटबॉल खेळत राहिला. १९०८-०९ च्या हंगामात क्लॅप्टन या हौशी संघाकडून खेळताना त्याने असं काही लक्ष वेधून घेतलं की एका क्रीडापत्राने त्याला त्या हंगामातला सर्वांत मोठा शोध म्हटलं. लगेच टॉटनहॅमने त्याला करारबद्ध केलं: सहीचे दहा पौंड, आठवड्याला चार पौंड. नियमाने व्यावसायिक खेळाडूला त्याहून जास्त देताच येत नसे. उन्हाळ्यात संघाबरोबर अर्जेंटिना-उरुग्वेचा दौरा झाला आणि सप्टेंबरात तो पहिल्या श्रेणीत उतरला.

ऑक्टोबर १९०९ मध्ये ब्रिस्टलला सामना झाला. तिथे प्रेक्षकांच्या एका टोळक्याने त्याच्यावर शिव्यांचा इतका मारा केला की एका वार्ताहराला लिहावं लागलं, ही भाषा बिलिंग्जगेटच्या मासळीबाजारातही ऐकू येत नाही. त्याच वार्ताहराने पुढे असंही लिहिलं की टलचं मन आणि त्याचा खेळ इतका स्वच्छ आहे की फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येक गोऱ्या माणसाने त्याचा कित्ता गिरवावा. हे वाक्य आज मोठ्या कौतुकाने उद्धृत होतं. मला ते खटकतं. शिव्या दिल्या त्या प्रेक्षकांनी, आणि निर्मळपणाचं प्रमाणपत्र मात्र मिळवावं लागलं टलला. तो चिडका असता, मैदानावर कोपर मारणारा असता, तर काय त्या शिव्या चालल्या असत्या? आणि या स्तुतीनंतर क्लबने काय केलं? थोड्याच काळात त्याला राखीव संघात ढकललं. टॉटनहॅमसाठी त्याच्या नावावर श्रेणीतले फक्त दहा सामने आणि दोन गोल आहेत. का ढकललं, हे क्लबच्या कुठल्याही कागदात सापडत नाही. अशा गोष्टी कागदावर येत नाहीत, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नसावी.

नॉर्दॅम्प्टनला मात्र तो फुलला. तिथे व्यवस्थापक होता हर्बर्ट चॅपमन, पुढे आर्सेनलचं नाव जगभर करणारा. १९११ ते १९१४ या काळात टल तिथे शंभरावर सामने खेळला, बहुतेक हाफ-बॅक म्हणून. मग युद्ध आलं. देश लढत असताना हे धडधाकट गडी चेंडू कसले लाथाडताहेत, अशी व्यावसायिक फुटबॉलवर टीका सुरू झाली आणि डिसेंबर १९१४ मध्ये मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन उभी राहिली, 'फुटबॉलर्स बटालियन' या नावाने ओळखली जाणारी. टलने त्याच महिन्यात नाव घातलं. पलटण वर्षभरानंतर फ्रान्सला गेली. मे १९१६ मध्ये त्याला 'तीव्र उन्माद' असं निदान लिहून इंग्लंडला परत पाठवलं गेलं. तोफांच्या माऱ्याने मन कोलमडल्याचं ते तेव्हाचं नाव. त्याच वर्षी, फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत, तो पुन्हा खंदकात होता. हिवाळ्यात खंदकज्वर होऊन पुन्हा परत.

त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी या दोन नोंदींच्या मधली पोकळ जागा दाखवीन. ज्याच्या डोक्याने एकदा त्या आवाजापुढे हात टेकले होते तो माणूस पुन्हा त्याच आवाजात गेला. पदकाच्या शिफारशीत हे बसत नाही. पदक कृत्याला मिळतं, अमुक दिवशी अमुक ठिकाणी केलेल्या. म्हणून या वादात १९१६ चा टल कुणालाच नको असतो. मागणाऱ्यांना तो थोडा अडचणीचा वाटतो आणि नाकारणाऱ्यांना निरुपयोगी.

१९१७ च्या सुरुवातीला तो स्कॉटलंडमधल्या गेल्स इथे अधिकारी-प्रशिक्षणाला गेला आणि ३० मे रोजी सेकंड लेफ्टनंट झाला. वर्षाअखेरीस त्याची नवी पलटण, मिडलसेक्सचीच २३ वी, इटलीत गेली. जानेवारी १९१८ च्या सुरुवातीला, गोठवणाऱ्या पिआवे नदीपलीकडे रात्रीच्या छाप्यात त्याने सव्वीस जणांची तुकडी नेली आणि सगळ्यांना सुखरूप परत आणली. डिव्हिजनचे जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या शौर्याची आणि शांत डोक्याची लेखी प्रशंसा केली. मार्चमध्ये जर्मनांनी मोठा हल्ला चढवला, पलटण फ्रान्सला परत आली आणि माघार घेताना टल पडला. त्याचा देह ओढून आणायचा प्रयत्न करणाऱ्यांत लेस्टरचा जुना गोलकीपर टॉम बिलिंगहॅम होता. गोळ्यांपुढे त्याला तो सोडून द्यावा लागला. टलची कबर नाही.

आता मागणी करणाऱ्यांची बाजू, आणि ती हलकी नाही. टल गेल्यावर त्याच्या बरोबरीच्या अधिकाऱ्याने एडवर्डला पत्र लिहिलं: त्याची मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाली होती आणि त्याने ते नक्कीच कमावलं होतं. हे पत्र खोटं मानायला काहीच कारण नाही. 'कागद नाही' म्हणणाऱ्या ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाला त्याच तोंडाने हेही सांगावं लागतं की १९४० च्या बॉम्बवर्षावात पहिल्या महायुद्धातले सैनिकी कागद प्रचंड प्रमाणात जळाले. स्वतःच्या दप्तराची राख पुढे करून कुटुंबाकडे पुरावा मागायचा, हा काय न्याय झाला? 'जुने निर्णय फिरवत नाही' हे तर सरळच खोटं. २००६ साली ब्रिटनच्याच संसदेने पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना माफी दिली. अमेरिकेने फ्रेडी स्टोअर्स या काळ्या कॉर्पोरलला १९९१ साली आणि हेन्री जॉन्सनला २०१५ साली 'मेडल ऑफ ऑनर' दिलं, दोघेही पहिल्या महायुद्धातले. म्हणजे राज्य मागे वळून बघू शकतं. बघायचं की नाही, एवढाच सवाल असतो.

तरीही मी नाही म्हणतो. त्या ३०६ जणांच्या बाबतीत राज्याने स्वतःच केलेली शिक्षा स्वतःच्याच दप्तरात नोंदलेली होती. ती फक्त मागे घ्यायची होती. स्टोअर्सची शिफारस सैन्याच्या कागदांत सापडली आणि मगच गाडं हललं. टलच्या बाबतीत आपल्याजवळ आहे ती 'शिफारस झाली होती' ही बातमी. शिफारस झाली म्हणजे पदक ठरलं असं नव्हे; वरच्या टेबलांवर हजारो शिफारशी खाली उतरत उतरत नुसत्या लेखी प्रशंसेवर येऊन थांबत. लॉफर्ड यांचं प्रशस्तिपत्र हेच कदाचित पिआवेच्या शिफारशीचं उरलेलं रूप असेल. आणि शिफारस मार्चमधल्या लढाईसाठी असेल, तर एक कोरडा नियम आडवा येतो ज्याचा या वादात जवळपास कुणी उल्लेख करत नाही: मिलिटरी क्रॉस तेव्हा मरणोत्तर देताच येत नसे. ती तरतूद १९७९ मध्ये आली. गोरा असता तरी मृत टलला ते मिळालं नसतं.

मग रंगाचं काय? मागणाऱ्यांचा लाडका तर्क असा आहे: पदक दिलं असतं तर एका काळ्या माणसाला अधिकारी करून आपण नियम मोडला हे युद्धखात्याला उघड करावं लागलं असतं, म्हणून त्यांनी ते दडपलं. ऐकायला पटतं. पण अधिकाऱ्यांच्या नेमणुका सरकारी राजपत्रात छापूनच येत, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आणि ॲलन नोएल मिन्स? मूळ बहामाच्या घराण्यातला हा काळा डॉक्टर सैन्याच्या वैद्यकीय दलात अधिकारी होता. त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला आणि वर 'डीएसओ' हा अधिकाऱ्यांचा लष्करी सन्मानसुद्धा. कुणी म्हणेल डॉक्टरची गोष्ट वेगळी, तो गोऱ्या शिपायांना हुकूम सोडत नव्हता. मान्य. पण मग 'काळ्याला पदक देणं अशक्य होतं' हे विधान तेवढ्याने मागे घ्यावं लागतं. वर्णद्वेष सिद्ध करायला सर्वांत कच्चा पुरावा हाताशी धरायचा आणि तो ढासळला की समोरच्याला 'बघा, वर्णद्वेष नव्हताच' म्हणायची सोय करून द्यायची, ही कसली वकिली? ब्रिस्टलच्या स्टँडमधला वर्णद्वेष छापील आहे. तो सोडून ही मंडळी जळालेल्या फायलींमध्ये काय शोधताहेत?

दुसरी खोड 'पहिला' या शब्दाची. टल हा ब्रिटिश सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी, असं पाट्यांवर लिहिलेलं असतं. तो पहिला नव्हता. जमैकात जन्मलेला जॉर्ज बेमंड मे १९१५ मध्येच तोफखान्यात अधिकारी झाला होता. डेव्हिड क्लेमेट्सन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. दोघेही युद्धातच मेले. आणि या दोघांची गोष्ट टलच्या पदकापेक्षा कितीतरी जास्त काही सांगते. अधिकारीपदाच्या अर्जात प्रश्न असे: तुम्ही शुद्ध युरोपीय वंशाचे आहात काय? बेमंडची आई जमैकन. त्याने लिहिलं, 'हो'. क्लेमेट्सनने लिहिलं, 'नाही'. दोघांनाही घेतलं! म्हणजे नियम होता, प्रश्न होता, आणि उत्तर काहीही असलं तरी चालून जाऊ शकत होतं. बघणाऱ्याला चालवायचं असेल तर. या वादात नेहमी पुढे केलं जाणारं १९१४ च्या लष्करी कायद्याच्या ग्रंथातलं कलम तर परक्या देशाच्या नागरिकांविषयी आहे: परका काळा माणूस भरती होऊ शकेल, पण बिगर-कमिशन पदाच्या वर चढू शकणार नाही. टल परका नव्हता, फोकस्टनचा होता. त्याला अडवणारी भिंत होती ती अर्जातला तो वंशाचा प्रश्न आणि त्याहून जास्त तो अर्ज हाताळणाऱ्याची मर्जी.

मर्जी केव्हा प्रसन्न होते? इथे आपला इतिहास उपयोगी पडतो, आणि पुण्यात बसून टलच्या पदकाला नको म्हणणारे तुम्ही कोण, या आक्षेपाला माझं उत्तरही त्यातच आहे. सोमच्या लढाईने इंग्लंडातल्या घरंदाज शाळांतून आलेले तरुण अधिकारी असे काही संपवले की १९१७ मध्ये सैन्य खालच्या रांगांतून, कामगारवर्गातून, फुटबॉलपटूंतून अधिकारी उचलू लागलं. टल त्या लाटेत वर आला. त्याच १९१७ साली इकडे '१११ वी महार' ही पलटण उभी राहिली. १८९२ च्या सुमारास 'लढवय्या जाती'चा सिद्धांत काढून महारांची भरती बंद केली होती. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये पुन्हा लिहिला. कुणी ऐकलं नाही. माणसं कमी पडू लागली तेव्हा ऐकलं. युद्ध सरलं आणि १९२१ मध्ये पलटण मोडली. दुसरं युद्ध आलं तेव्हा, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. तिकडेही हुबेहूब तेच. पहिलं युद्ध संपल्यावर वंशाची अट कायम राहिली. लंडनमधले डॉक्टर हॅरॉल्ड मूडी यांच्या मुलाने १९३९ मध्ये अधिकारीपदासाठी विचारलं तर त्याला शुद्ध युरोपीय वंशाची तीच अट ऐकवण्यात आली. त्या वर्षी ऑक्टोबरात अट उठवली, आणि तीही 'युद्ध चालू असेपर्यंत'. वॉल्टर टल नावाचा माणूस त्याच सैन्यात अधिकारी म्हणून लढून मेला होता, हे कुणाच्या लक्षातसुद्धा नव्हतं.

आणि खेळाच्या मैदानावर? पळवणकर बाळू आठवा. चांभार समाजातला हा डावखुरा गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, आणि पुण्यात असताना त्याचा चहा पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात येई. त्याच्या गोलंदाजीवर हिंदू संघ जिंकत राहिला, कप्तानी मात्र त्याला कधी दिली नाही. ती १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाली. चेंडू टाकायला चालतो, हुकूम द्यायला चालत नाही. उद्या कुठल्या मंडळाने बाळूला मरणोत्तर मानद कप्तान जाहीर केलं तर आपण पेढे वाटायचे का? मला तर त्या मातीच्या भांड्याचं काय झालं हे कुणी विचारणार नाही, याचीच भीती वाटेल. टलच्या पदकाविषयी माझी भीती हीच आहे. राजघराण्यातलं कुणीतरी मखमलीच्या गादीवरचा रुपेरी क्रॉस टलच्या वंशजांच्या हाती देईल, टाळ्या पडतील आणि प्रकरण मिटलं असं धरलं जाईल. मिटवण्याचा हक्क पुन्हा ज्यांनी दार बंद ठेवलं त्यांच्याकडेच.

प्रतीकांनाही किंमत असते, असं म्हणणारे चूक नाहीत. नॉर्दॅम्प्टनच्या मैदानाबाहेर १९९९ पासून टलचं स्मारक आहे. तिथे सामन्याला आलेलं एखादं काळं पोर थांबून ते वाचत असेल तर ते मोलाचंच. पण ते स्मारक त्याला मानणाऱ्यांनी, खेळाच्या लोकांनी उभं केलं. त्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही.

मागायचंच असेल तर दुसरं काही मागावं. टल इटलीत होता त्याच वर्षाच्या अखेरीस, तारांतोच्या तळावर, त्याच्या वडिलांच्या बार्बाडोसचे आणि आसपासच्या बेटांचे सैनिक 'ब्रिटिश वेस्ट इंडीज रेजिमेंट'मध्ये होते. लढायला आलेल्या या माणसांना दुसऱ्या पलटणींचे संडास साफ करायला आणि कपडे धुवायला लावलं, पगारवाढ नाकारली. डिसेंबर १९१८ मध्ये त्यांनी बंड केलं. एकाला गोळ्या घातल्या. यांच्यातल्या कुणासाठी खासदारांचं पत्र निघालं? टल फुटबॉलपटू होता, देखणा होता, इंग्लिश बोलीचा होता, अधिकारी होता. त्याची कैफियत मांडायला सोपी जाते. २०२१ मध्ये राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगाच्या समितीने स्वतःच मान्य केलं की पहिल्या महायुद्धात मेलेले किमान १,१६,०००, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोक, मुख्यतः आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले, नावानिशी कुठेच कोरलेले नाहीत. हा आकडा आल्यावर चार दिवस चर्चा झाली आणि मग नोव्हेंबरात पुन्हा टलचं पदक सुरू.

टलचं नाव आरासच्या स्मारकावर, सातव्या कप्प्यात, मिडलसेक्स रेजिमेंटखाली आहे. कबर नसली तरी बोट ठेवून दाखवता येतं. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं आहेत. कुतच्या वेढ्यात उपाशी राहिलेल्या ११७ व्या मराठा पलटणीसारख्या भारतीय पलटणींचे साधे शिपाई मात्र त्या भिंतीवर नावांनी नाहीत. तिथे पलटणीचं नाव आहे आणि पुढे आकडा.